नंदूचा पाय

“बोटं हलवली गो त्याने! अंगठासुद्धा!” जयंती आयसीयूतून जवळजवळ पळतच बाहेर आली आणि वनमालाच्या गळ्यात पडली.

“बरं झालं बाई,” वनमाला म्हणाली. शब्द नीट निघाले, पण आत कुठेतरी चर्र झालं.

दोघींचे नवरे अंधेरीच्या एकाच कारखान्यात, एकाच पाळीला. चार दिवसांपूर्वी क्रेनची साखळी तुटली आणि पत्र्यांचा गठ्ठा दोघांवर कोसळला. दशरथच्या बरगड्या मोडल्या, उजवा पाय गुडघ्याखाली नुसता कातड्याला लोंबत होता. “पाय वाचवायला गेलो तर माणूस जाईल,” डॉक्टर म्हणाले आणि वनमालाने कागदावर सही केली. नंदकुमारचा पाय मात्र पाच तास खपून शिवता आला.

आता भेटीच्या वेळी आत गेलं की वनमालाची नजर आधी शेजारच्या खाटेवर जायची. चादरीखाली दोन पावलं, शेजारी शेजारी. मग ती आपल्या माणसाकडे वळायची. तो तोंडात नळी घेऊन गुंगीत पडलेला. दिंडोशीला तेवीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिल्या दोघी. जयंतीकडे आधी फ्रीज आला, मुलगी इंजिनिअर झाली, तेव्हाही कधी पोटात दुखलं नव्हतं. आणि आता एका पायाचा हेवा वाटावा? तिला स्वतःची किळस यायची. हेवा काही जायचा नाही.

सहाव्या दिवशी नंदकुमारला ताप भरला. जखम चिघळली होती, विष रक्तात उतरत होतं. डॉक्टरांनी जयंतीपुढेही तसाच कागद ठेवला.

जयंतीने वनमालाचा हात घट्ट धरला. “तू सांग गो, काय करू? परवा तर बोटं हलवत होता ना!”

‘कर सही.’ शब्द अगदी ओठांवर आले आणि वनमाला चपापली. हे आपण नंदूच्या जिवासाठी म्हणतोय, की तोही दशरथसारखाच व्हावा म्हणून? तिला स्वतःचाच भरवसा वाटेना.

“मी काय सांगणार बाई?” ती म्हणाली. “तुझं तू बघ.”

एक दिवस वाट बघू, असं जयंतीने ठरवलं. दुसऱ्या संध्याकाळी तिने सही केली, तोवर ऑपरेशन सोसण्याइतकाही जीव त्याच्यात उरला नव्हता. पहाटे नंदकुमार गेला.

जयंतीने वनमालाला एका शब्दानेही बोल लावला नाही. वनमालाला तेच जास्त लागलं.

तीन दिवसांनी दशरथची नळी निघाली. पाय गेल्याचं अक्षता सिस्टरने त्याला सांगितलं. छताकडे बघत तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “नंद्या कुठाय?”

“इथून हलवलं त्याला,” वनमाला म्हणाली. नंदू गेल्याचं इतक्यात सांगू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“त्याचा पाय?”

“वाचला.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

दशरथने मान भिंतीकडे फिरवली. “नशीबवान साला,” तो पुटपुटला आणि त्याचा जबडा आवळला गेला.

वनमालाने त्याच्या केसांतून हात फिरवायला सुरुवात केली. त्याचा तो हेवा थोपवावा, असं तिला वाटलं नाही.