रंगाखालची चौथी पायरी

मित्रांनो, काम संपले की जिच्याकडे कोणी वळून पाहत नाही, ती जुनी लाकडी शिडी मी. माझे कूळ मात्र ऐऱ्यागैऱ्याचे नाही.

मी झाड होते, तेव्हा माझी पाने ऊन, पाणी आणि हवा यांच्यापासून साखर तयार करीत. प्रत्येक पेशी ती साखर आपल्या पातळ पापुद्र्यावर मण्यांसारखी ओवत जाई. त्यातून सेल्युलोजचे धागे निघत, एकमेकांना घट्ट बिलगत, पेशीभोवती थरांवर थर चढत आणि भिंत उभी राही. पुढे पेशी मेल्या, भिंती राहिल्या. लाकूड म्हणजे अशा कोट्यवधी भिंती. त्या कामात कोणीही चुकारपणा केला नव्हता.

सुताराने मला घडवले आणि एका रंगाऱ्याच्या हाती सोपवले. तीस वर्षे त्याने मला जवसाचे तेल पाजले, पण रंगाचा थेंब लावला नाही. “शिडी रंगवायची नसते रे,” तो मुलाला बजावी. “रंगाखाली तडा दिसत नाही. मग भिंत राहते बाजूला आणि रंगारी पोचतो थेट वर!” मुलगा खिदळे. तो चढायला शिकला माझ्याच पायऱ्यांवर.

बाप गेला. मुलाने ॲल्युमिनियमची शिडी आणली आणि मला गळक्या नळामागे टाकले. ओलाव्याने बुरशी धरली. चौथ्या पायरीतले धागे तिने खाऊन टाकले. एके दिवशी तो आला. वाटले, आठवण झाली! त्याने ती पायरी अंगठ्याने दाबली. मऊ लागली. क्षणभर थांबला, आणि जाड हिरवा रंग फासून त्याने मला शाळेला भेट दिले. ज्या घरातल्या कोणाला मी कधी पडू दिले नाही, त्या घराने मला दुसऱ्याला पाडायला पाठवले.

विज्ञानाच्या बाई कपाटावरचे तक्ते काढायला चढल्या. चौथ्या पायरीवर पाऊल पडताच मी उरलेसुरले बळ एकवटून करकरले. बाई झटकन उतरल्या. त्यांनी नखाने रंग खरवडला. आतून भुसा गळला.

“बाई, अगदी नवी करून दिलीय,” मला पोचवायला आलेला रंगाऱ्याचा मुलगा दारातून म्हणाला.

“नवी? ही शाळा तुझ्या वडिलांनी रंगवली. त्यांनी शिडी कधी रंगवली होती का रे?”

“नाही.”

“मग हे शिकलास कोणाकडून?”

तो मान खाली घालून निघून गेला.

आता मी विज्ञानाच्या वर्गात आडवी आहे. मुले भिंगातून माझे तुटलेले धागे पाहतात. मित्रांनो, मला तेल द्या, कोरडे ठेवा, थकले की निवृत्त करा. पण माझे दुखणे झाकून मला कामाला जुंपू नका. हिरवा रंग अजून अंगावर आहे. तो खरवडायला रंगाऱ्याचा मुलगा एकदाही आलेला नाही.