अ, ब आणि भिंगरीचा दात

टिक्.

रविवारच्या दुपारी घर इतकं गप्प होतं, की स्टीलच्या ताटलीत काहीतरी पडल्याचा तेवढासा आवाजही दचकवून गेला. मी स्वयंपाकघरात ओट्यासमोर श्वास रोखून उभी होते. हातात कॅमेरा, समोर साबणाचं खोकं, खोक्याला टेकून उभी केलेली मोजपट्टी. माझ्या पाठीमागे स्टुलावर माझी सहा वर्षांची लेक सफरचंदाच्या फोडी खात बसली होती. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही.

"आई," ती म्हणाली.

"श्श. हलू नकोस. स्टूल हललं की ओटा हलतो."

"पण आई..."

"एकच मिनिट, सोन्या. 'ब'चा शेवटचा राहिलाय."

मी बटण दाबलं. खोक्यावरचं अक्षर न अक्षर सुबक आलं होतं, अगदी तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या टायपात छापलेला पत्तासुद्धा. खूश होऊन मागे वळले, तर लेकीने ताटली माझ्यापुढे धरली. ताटलीत सफरचंदाच्या दोन फोडी आणि त्यांच्या मधोमध, तांदळाच्या दाण्याएवढा, एक दात.

ज्या दातापायी मी तीन आठवडे दोन कॅमेऱ्यांचा कीस पाडत होते, तो दात पडला त्या क्षणी मी साबणाच्या खोक्याचा फोटो काढत होते. सफरचंदही मीच दिलेलं, ती गप्प बसावी म्हणून.

हे असं कसं झालं, ते सांगायचं तर आधी माझ्या नोकरीचं सांगावं लागेल. मी औषधांची खोकी छापणाऱ्या छापखान्यात तपासनीस आहे. आमच्याकडे प्रत्येक खोक्याचा एक मंजूर नमुना असतो. तो कुलपाच्या खणात राहतो. यंत्रातून नवीन खोकी आली, की मी खण उघडते, नमुना आणि नवं खोकं पांढऱ्या दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवते आणि फरक शोधते. निळा रंग जरा जास्त निळा झालेला दिसला, की अख्खा गठ्ठा परत. दिवसभर हेच. त्यामुळे घरी आल्यावरही डोळे ऐकत नाहीत. मोजे वाळत घालताना उजव्याची लवचिकता डाव्यापेक्षा कमी झाल्याचं मला दिसतं आणि ते मी नवऱ्याला सांगतेसुद्धा.

नवरा लिफ्टची दुरुस्ती करतो. त्याच्या जगात लिफ्ट वर जाते किंवा जात नाही. मधलं काही नसतं. तो मला इन्स्पेक्टरबाई म्हणतो आणि मोजे घालून निघून जातो.

आता दात. खालचे मधले दोन. भिंगरी सात महिन्यांची असताना हेच दोन आधी आले होते. आल्या आल्या मला असे चावले होते, की मी अंघोळीच्या वेळी रडले होते. त्या दातांचे, त्या बोळक्या हसण्याचे, पहिल्या पावलांचे, मिळून चारेक वर्षांचे फोटो माझ्या फोनमध्ये होते. तो फोन मी फरशी पुसताना खांद्याने कानाशी धरून बोलत होते आणि बोलता बोलता फडकं पिळायला बादलीवर वाकले. फोन आधी गेला, मग त्याला वाळवण्यात आठवडा गेला आणि मग आशा गेली. नंतर घेतलेल्या फोनमधून काढलेला प्रत्येक माणूस वाफेतून बघितल्यासारखा दिसतो. नवऱ्याच्या फोनच्या भिंगाला लिफ्टच्या खोलीत तडा गेलाय, त्यात प्रत्येकाच्या कपाळावरून रस्ता जातो.

म्हणून तीन आठवड्यांपूर्वी भिंगरीने "आई, हा बघ हलतोय" म्हणून जिभेने दात ढकलून दाखवला, तेव्हा मला आधी ती बादली आठवली. दात आले तेव्हाचं माझ्याकडे काहीच नाही. निदान जाण्याआधी ते हसणं एकदा धड टिपून, कागदावर छापून, डब्यात घालून ठेवायचं, हे मी तिथल्या तिथे ठरवलं. तिचं हसणं आधी नाकावर येतं. नाक आक्रसतं, मग खालचा ओठ सुटतो आणि ते दोन दात दिसतात, एक सरळ आणि एक, हाच हलणारा, किंचित तिरका. एवढंच मला हवं होतं. एक फोटो.

साध्या बाईने दुसऱ्या दिवशी कॅमेरा आणला असता.

मी कोपऱ्यावरच्या फोटोवाल्या काकांकडे गेले. ते ओळखपत्रांचे फोटो काढतात आणि वापरलेले कॅमेरे विकतात. त्यांच्या काचेखाली खिशात मावतील असे दोन होते. एक काळा. त्याचं भिंग पुढे इतकं लांब येतं, की समोरच्या इमारतीतल्या बाईने काय चिरायला घेतलंय ते दिसावं. पण बटण दाबल्यावर तो एक डुलकी काढून मग फोटो काढतो. दुसरा चंदेरी. तो चपळ, अंधुक उजेडातही छान, पण लांबचं बघायला सांगितलं की आंधळा. मी दोन्ही हातात घेतले, खाली ठेवले, विचार करते म्हणाले. दुसऱ्या दिवशी परत गेले. चौथ्यांदा गेले तेव्हा काकांनी मला स्टूल दिलं. सातव्यांदा गेले तेव्हा त्यांनी दोन्ही कॅमेरे पिशवीत घालून माझ्या हातात ठेवले.

"घरी घेऊन जा," ते म्हणाले. "रविवारी संध्याकाळी एक परत आणा. कुठलाही आणा. माझं मन मोडणार नाही."

"काका, पण घाई नको ना. एकदा घेतला की घेतला."

"बाई, माझं लग्नसुद्धा याहून लवकर ठरलं होतं."

शनिवारी माझी अर्धी पाळी असते. दुपारी मी कपडे धुवायच्या यंत्रात घातले आणि त्या पाऊण तासाच्या मोकळ्या वेळात चाचणी सुरू केली. काळ्यावर 'अ'ची चिकटपट्टी लावली, चंदेरीवर 'ब'ची. छापखान्यातून कोरा तपासणी तक्ता आणला होता. त्यात रकाने आखलेलेच असतात: रंग, कडा, अक्षरांची स्पष्टता, शेरा. फरशीवर खडूने दोन पावलं काढली आणि भिंगरीला त्यांच्यावर उभं केलं.

"आता मी दोन्हींनी फोटो काढणार. तू दोन्ही वेळा अगदी सारखं उभं राहायचं."

"हसू?"

मी विचार केला. खरंच केला, ही त्यातली लाजिरवाणी गोष्ट. हसणं दोनदा सारखं येत नाही. पहिल्यात नाक जास्त आक्रसलं आणि दुसऱ्यात कमी, तर फरक कॅमेऱ्याचा की मुलीचा, हे कसं कळणार?

"नको," मी म्हणाले. "हसलीस की हलतेस. आत्ता तोंड मिटून. हसण्याचा फोटो आपण जो कॅमेरा जिंकेल त्याने काढू."

भिंगरीने तोंड मिटलं. बारा फोटो 'अ'ने, बारा 'ब'ने. खिडकीपाशी, दिव्याखाली, दाराच्या अंधारात. कुठल्याही सरकारी कार्यालयाने डोळे मिटून घेतले असते असे चोवीस फोटो. मधे तिला हसू फुटलं तो फोटो मी लगेच पुसला, कारण तो तक्त्यात बसत नव्हता.

संध्याकाळी नवरा कामावरून आला. हाताला ग्रीस, डोक्यावर धूळ. त्याने फरशीवरची खडूची पावलं पाहिली, त्यांच्यावर उभी असलेली लेक पाहिली आणि मला विचारलं, "हिने काय गुन्हा केलाय?"

"चाचणी चाललीय."

"कोण पुढे आहे?"

"रंगात 'ब'. कडांमध्ये 'अ'. अजून दिव्याखालची दुसरी फेरी बाकी आहे."

"आण इकडे." त्याने हात पुसले न पुसले, दोन्ही कॅमेरे दोन हातांत पिस्तुलांसारखे घेतले आणि लेकीवर रोखले. "हात वर. खाऊ कुठे लपवलायस ते सांग."

भिंगरीचं नाक आक्रसलं. त्याने दोन्ही बटणं एकदम दाबली.

"घे. सारख्या क्षणी, सारखी मुलगी. झाली तुझी चाचणी."

"अरे, असं चालत नाही," मी खरंच वैतागले. "दोन हातांत अंतर आहे. कोन वेगळा. आणि बघ, भिंगावर ग्रीसचा अंगठा." मी तक्त्यात दोन्हींपुढे 'बाद' असं लिहिलं.

"इन्स्पेक्टरबाई, लिफ्ट चालू आहे का एवढंच बघायचं असतं. आतल्या आरशाचे कोपरे मोजायचे नसतात."

"म्हणूनच तुमच्या लिफ्टमध्ये सगळे जाड दिसतात," मी म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, टिक्.

मी तिला चूळ भरायला लावली. हिरडीला कापूस धरला. तिला रडू येत नव्हतं, मलाच येत होतं. ती आरशासमोर जाऊन फटीतून जीभ बाहेर काढायचा सराव करायला लागली आणि मी पलंगाच्या कडेला बसून दोन्ही कॅमेरे उलटसुलट चाळायला लागले. दोनशे अकरा फोटो होते. साबणाचं खोकं. साबणाचं खोकं तिरकं. खिडकीचे गज. भिंतीवरची खुंटी. मिटल्या तोंडाची माझी मुलगी, मिटल्या तोंडाची माझी मुलगी, पुन्हा साबण. इतक्या काळजीने, इतक्या नीट उजेडात मी ते हसणं फोटोबाहेर ठेवलं होतं.

"ते कालचे दोन बघ ना," नवरा दारातून म्हणाला. "माझे."

तक्त्यात न बसणारे फोटो मी लगोलग पुसत होते. हेही पुसले होते का? आठवेना. बाद लिहिलं, मग बोट पुसायच्या बटणावर गेलं होतं, एवढं आठवत होतं. आणि मग? मग धुण्याच्या यंत्राने कपड्यांची दुसरी खेप झाल्याची शिटी दिली होती आणि मी "थांब" म्हणून उठले होते.

दोन्ही होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या यंत्राच्या शिटीचे आभार मानले.

संध्याकाळी आम्ही तिघं काकांच्या दुकानात गेलो. भिंगरीने दात काड्यापेटीत घालून बरोबर आणला होता आणि वाटेत भेटेल त्याला दाखवत होती. काकांनाही दाखवला.

"वा, तुमचं काम झालेलं दिसतंय," काका तिला म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "आणि तुमचं?"

मी दोन्ही कॅमेरे काचेवर ठेवले. "आधी हे दोन छापून द्या. मग सांगते."

छपाईचं यंत्र घरघरलं आणि दोन फोटो बाहेर आले, कोमट, जरासे चिकट. मी ते सवयीने शेजारी शेजारी ठेवले, काकांच्या पांढऱ्या दिव्याखाली.

काळ्याने डुलकी काढली होती, त्यामुळे त्याचा क्षण किंचित उशिराचा होता. कपाळ वर कापलं गेलेलं, सगळं थोडं निळसर, पण हनुवटीवरची खेळताना पडल्याची खूण, पापण्यांचा केस न केस आणि तो तिरका दात, सगळं कोरून काढल्यासारखं. चंदेरीच्या फोटोत एका कोपऱ्यात ग्रीसचा ढग होता, कडा पुसट होत्या, हनुवटीवरची खूण नव्हतीच. पण गाल उबदार, नाक पुरतं आक्रसलेलं, आणि हसू नुकतंच सुटत होतं.

"मला तर दोन्हीत माझीच पोरगी दिसते," नवरा म्हणाला.

"तुला लिफ्टमध्येही तीच दिसते," मी म्हणाले.

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. "बोला बाई. कुठला ठेवू आणि कुठला देऊ?"

मी फोटोंवर वाकले. गाल इतके गुलाबी होते का? की दिव्यामुळे? तो दात इतका तिरका होता, की माझ्या आठवणीतच तो कमी तिरका आहे? छापखान्यात अशा वेळी मी खण उघडते आणि मंजूर नमुना काढते. मी सवयीने मान वर केली. माझा नमुना काचेला नाक टेकून समोर उभा होता, खालच्या ओठामागे काळी फट घेऊन, जीभ त्या फटीतून आत-बाहेर करत.

भिंगरीने हात लांबवून दोन्ही फोटो उचलले. एक या गालाशी धरला, एक त्या गालाशी, आणि माझ्याकडे बघत विचारलं,

"आई, काल मी अशी होते, की अशी?"