सूर्यचुलीची खिचडी
लातूर जिल्हा नवा झाला, कचेऱ्या नव्या झाल्या, पण शाळांना दाखवायला सूर्यचूल आली ती एकच. आज ह्या गावात, उद्या त्या गावात. जळकोटच्या बाजूच्या ह्या शाळेच्या वाट्याला तिचे दोन दिवस आले आणि त्यातला एक कालच मातीत गेला. काळी पेटी, वर काच, काचेवर ऊन फेकणारा आरसा. शिवकांताबाईंनी पोरांना सगळं नीट समजावलं, आणि पोरांनी "शिजलं का? शिजलं का?" करत इतक्यांदा काच उघडली की आतली धग पार उडून गेली. तांदूळ नुसते फुगले.

आज शिजायलाच हवं होतं, ते रुद्राणीसाठी. चौथीतली ही पोरगी गणितात सगळ्यांच्या पुढे आणि निम्मे दिवस गैरहजर. दुष्काळाने जवळची झुडपं संपली, जळणाला रुद्राणीलाच लांब माळावर जावं लागे, कारण तिची आई नीलाबाई रोजगार हमीवर खडी फोडायला. बाईंनी घरी खेटे घातले तेव्हा नीलाबाई म्हणाली होती, "उन्हावर शिजतंय म्हन्ता ना? मला शिजलेलं दावा. तसली चूल करून घेते अन् पोरीला रोज धाडते साळंला."

म्हणून बाईंनी तिला आज मधल्या सुट्टीला बोलावलं, पोरांच्या घरून मूठमूठ आलेले डाळ-तांदूळ पेटीत ठेवले, पेटी अंगणात भर उन्हात मांडली, पोरांना वर्गात कोंडलं आणि स्वतः आतून दाराला पाठ लावून बसल्या. आता बघू कोण काच उघडतो!

मधल्या सुट्टीला दार उघडलं, तर अंगणात पेटी नव्हती.

पेटी कडुलिंबाखाली होती. काचेवर ओलं पोतं पसरलेलं आणि शेजारी नीलाबाई कुत्री हाकत बसलेली.

"बाई, ध्यान कुठं हाय तुमचं? पोरांचं अन्न उन्हात ठिवलं! आंबलं असतं की. चूल कुठं दिसंना, म्हटलं वर्गात मांडली आसंल. मी लवकर आले म्हनून बरं. माझ्या घागरीतलं पानी मारलं पोत्यावर. लई गार झालंय बघा."

बाईंनी पोतं ओढून फेकलं. डाळ-तांदूळ कोमट पाण्यात तसेच बसले होते.

"अगं, हीच ती चूल! ऊन हेच तिचं जळण!" बाई ओरडल्याच.

नीलाबाईचा चेहरा उतरला. टँकरपाशी झोंबाझोंबी करून आणलेलं पाणी तिने ओतलं होतं. तिला काय बोलायचं? बाईंचा संताप मावेना, आणि काढावा कुणावर तेही कळेना.

"उद्या लावा की परत," नीलाबाई हळूच म्हणाली.

"आता ठेवलं तर ऊन उतरेपर्यंत शिजायचं नाही, आणि उद्या सकाळी जीप येते पेटी न्यायला."

"मंग ऱ्हाऊ द्या, बाई. आजची हजरी बुडवून आले मी. परत न्हाई जमायचं."

पोरं भुकेली उभी होती. भिजलेलं धान्य टाकून देण्याचे ते दिवस नव्हते. बाईंनी तीन दगड मांडले. शाळेत जळणाची काडी नव्हती.

"बाई, मी आनू जळन?" रुद्राणी पुढे आली. "मला ठावं हाय कुठं घावतंय."

बाईंनी पोरांच्या तोंडांकडे पाहिलं.

"जा," त्या म्हणाल्या. पाटी आईच्या मांडीवर टाकून रुद्राणी माळाकडे पळत सुटली. वर्षभर जिला जळणाला जाऊ नको म्हणून सांगितलं, तिला आज बाईंनीच धाडलं होतं.