मेट्रनबाईंच्या बॅगेची किळस

मी एक जुनी, निळी, चाकांची बॅग आहे. मित्रांनो, माझ्याजवळ येताना तुम्ही नाक दाबलेत तरी मला राग येणार नाही. माझ्या अंगाला फिनेलचा उग्र वास येतो. तो कसा लागला ते सांगते. हकीकत जरा घाणेरडी आहे, पण घाण मी केलेली नाही.

एका कारखान्यात जाड कापड, चेन आणि चाके एकत्र आली आणि मी उभी राहिले. नव्या रबराचा वास हाच माझ्या ओळखीचा पहिला वास. सगळ्या जगाला असाच वास येत असेल, असे मला वाटले. किती भाबडी होते मी!

एका मोठ्या रुग्णालयातल्या मेट्रनबाई, म्हणजे सगळ्या परिचारिकांच्या प्रमुख, निवृत्त झाल्या. त्यांचे यजमान आधीच वारले होते आणि मुले आपापल्या संसारात होती. वॉर्डातल्या मुलींनी मला त्यांच्या हाती दिले. "मॅडम, आता मस्त फिरा!" बाईंनी माझ्या आतल्या कप्प्यातून बोट फिरवले आणि ते उजेडात धरून पाहिले. बोटाला धूळ नव्हती. मी पास झाले.

मग आम्ही फिरत सुटलो. समुद्र झाले, डोंगर झाले, राजवाडे झाले. लोकांना ते आठवत असतील. मला आठवते ते सहलीच्या बसचे पोट. तिथे कुणाच्या तरी फुटलेल्या बाटलीतले तेल माझ्या पाठीवर ओघळले होते आणि शेजारी कुबट बूट होते. हॉटेलातल्या चादरीवर दुसऱ्याचे केस सापडत, म्हणून बाई स्वतःची चादर माझ्यात भरून नेत. सहलीतली मंडळी जिथे उभे राहून फोटो काढत, तिथेच खाऊची पाकिटे टाकत. एकदा सामान भरता भरता बाई स्वतःशीच म्हणाल्या, "हे सगळं बघून झालं. आता मी करू काय?"

मग त्या मुलांकडे जाऊ लागल्या. मुलीचे घर इतके चकचकीत, की मला प्लास्टिकमध्ये गुंडाळून गॅलरीत ठेवले जाई. बाईंनी कप विसळायला घेतला की जावई धावत येत. "अहो आई, राहू द्या! मशीन आहे ना!" मुलगी म्हणे, "आई, तू फक्त बस." आयुष्यभर पायाला भिंगरी लावून फिरलेली बाई बसून बसून आंबून गेली.

मुलाकडे सगळे उलटे. तिथे मला पलंगाखाली ढकलत. तिथे नातवाने अर्धे चघळलेले बिस्किट होते आणि त्याला मुंग्या लागलेल्या होत्या. मुलाचा एक न धुतलेला मोजा तर मला चिकटूनच बसला होता. मोरीतल्या भांड्यांवर बुरशीची लव आलेली. फ्रीजमधल्या डब्यात काय होते, ते ठेवणाऱ्यालाही सांगता आले नसते. बाईंनी बाह्या वर केल्या आणि घर घासून काढले. सून रडवेली झाली. "आई, तुम्ही आलात की मला परीक्षेला बसल्यासारखं होतं." बाईंनी फडके खाली ठेवले. सुनेचे म्हणणे खोटे नव्हते.

या दोन घरांच्या मध्यावर एका बसस्थानकात गाडी बदलावी लागे. मित्रांनो, तिथल्या बायकांच्या शौचालयाबद्दल सांगताना आजही मला मळमळते. फरशीवर पिवळे, बुळबुळीत पाणी साचलेले. भिंतींवर थुंकीचे वाळलेले ओघळ. भांडी तुंबून वर आलेली. उंबऱ्यापाशीच माझी चाके त्या चिखलात रुतली, तेव्हा शिवण उसवून पळावेसे वाटले. रक्त, पू, ओकाऱ्या पाहण्यात हयात घालवलेली बाई दारातूनच मागे फिरली.

त्यानंतर प्रवासाच्या आदल्या दिवसापासून बाई पाणीच पीत नसत. व्हायचे तेच झाले. एकदा त्या तापाने फणफणत मुलीच्या दारात कोसळल्या. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. ज्या खाटांभोवती त्यांनी आयुष्य काढले, तशाच एका खाटेवर त्या पडून राहिल्या.

"पाणी का पीत नाहीस गं?" मुलीने विचारले.

"प्यायलं की जावं लागतं. आणि तिथे जाववत नाही."

"मग आता प्रवास बंद," मुलगा म्हणाला. "आम्हीच येत जाऊ."

बाई उशीवरून उठून बसल्या. "माझा प्रवास कशाला बंद करता? ती घाण बंद करा ना!"

बऱ्या झाल्यावर त्यांनी मला बाहेर काढले. माझ्यात इस्त्रीचे कपडे ठेवले नाहीत. खरखरीत ब्रश, रबरी हातमोजे आणि फिनेलच्या बाटल्या कोंबल्या. मला रडू कोसळायचे बाकी होते. आम्ही थेट त्या स्थानकात गेलो.

तिथली सफाईवाली बाई फणकारली, "तुम्ही कोण मला शिकवणाऱ्या?"

"शिकवायला नाही आले. हातमोज्यांच्या दोन जोड्या आणल्यात."

"आणि पाणी? नळाला थेंब नाही. मी कामाला लागले तेव्हापासून नाही. कशाने धुऊ?"

दोघी स्थानकाच्या साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, "बाई, प्रवाशांनाच शिस्त नाही. आम्ही काय करणार?"

"तुम्ही स्वतः कुठे जाता?"

साहेबांची नजर मागच्या दाराकडे गेली. त्यांच्या खोलीमागे एक कुलूपबंद शौचालय होते. लख्ख, कोरडे, नळाला भरपूर पाणी. म्हणजे टाकी भरलेली होती. फक्त नळी बायकांच्या शौचालयापर्यंत पोहोचली नव्हती. मला किळस आली ती इथे. तुंबलेल्या भांड्यापेक्षा त्या चकचकीत कुलपाची जास्त आली.

बाईंनी मला साहेबांच्या दारात आडवे टाकले आणि माझ्यावर ठाण मांडले. "नळी जोडेपर्यंत मी इथेच." मी करकरले, पण वाकले नाही. येणाऱ्याजाणाऱ्या बायका थांबू लागल्या. एक गरोदर बाई म्हणाली, "मला आत्ता जायचंय, साहेब. किल्ली द्या." तिच्या मागे आणखी बायका उभ्या राहिल्या. साहेबांनी घाम पुसला आणि किल्ली दिली. त्याच आठवड्यात नळीही आली.

मग दोघींनी घासायला घेतले. पहिल्याच दिवशी बाईंना ओकारी झाली. त्यांनी तोंड धुतले आणि परत आत गेल्या.

बाईंनी स्थानकाजवळच खोली घेतली. मुलगा तणतणत आला. "लोक काय म्हणतील? मेट्रन होतीस तू!"

"मेट्रन होते म्हणूनच," त्या म्हणाल्या आणि बादली भरायला गेल्या.

मित्रांनो, सगळे छान झाले असे सांगायला मला आवडले असते. पण लोक रोज तितकीच घाण करतात आणि मला रोज तितकीच शिसारी येते. कालच अत्तराचा घमघमाट असलेली एक बाई पाणी न टाकताच बाहेर आली. मेट्रनबाईंनी वॉर्डातल्या आवाजात हाक मारली, "ओ ताई, काहीतरी विसरलात!" तिने आधी स्वतःची पर्स चाचपली. मग तिचे कान लाल झाले आणि ती आत गेली.

माझी एक चेन तुटली आहे, एक चाक निखळले आहे. मला जपा असे मी म्हणणार नाही. फक्त दाराबाहेर पाऊल टाकण्याआधी एकदा मागे वळून पाहा. जे दिसेल ते पाहून तुम्हालाच किळस आली, तर पाणी टाका. तुमच्यानंतर येणारीला खूप वेळ थांबावे लागलेले असते.