मेंग आजोबांचा फोटो

अंत्यविधीला ठेवायचा फोटो आमच्या गावात म्हातारी माणसं जिवंतपणीच काढून घेतात, आणि दर हिवाळ्यात ते काम आमच्या शाळेचा फोटो क्लब करतो. यंदा क्लबची प्रमुख मी, त्यामुळे आवाजही माझाच मोठा!

गावच्या गारठलेल्या सभागृहात क्लबमधला ग्यूबिन प्रत्येक आजीला कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो मोठा करून दाखवत होता. आज्या लाजायच्या, “सुरकुत्या घालव रे,” म्हणत परत बसायच्या.

“शहाण्या, स्क्रीन बॅटरी खाते! वर फ्लॅश, वर ही थंडी!”

“प्रमुखबाई, हसू दे की त्यांना.”

शेवटी मेंग आजोबांना त्यांच्या घरच्या आजींनी धरून आणलं. डॉक्टरांनी हात टेकून त्यांना घरी पाठवलं होतं. सगळ्यांनी आळीपाळीने घातलेला एकुलता एक काळा कोट त्यांच्या अंगावर चढला आणि कॅमेरा बंद पडला. जादा बॅटरी आधीच संपली होती.

मी बॅटरी काढून काखेत धरली, कारण गारठलेली बॅटरी ऊब मिळाली की थोडी जागी होते. मग स्क्रीन बंद, फ्लॅश बंद. आजोबांना खिडकीशी बसवून मी बटण दाबलं. एक फोटो निघाला आणि कॅमेरा पुन्हा मेला.

“कसा आलोय, पोरी?”

“एकदम रुबाबदार, आजोबा!”

शाळेत जाऊन पाहिलं, तर त्यांचे डोळे मिटलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चार्ज केलेली बॅटरी घेऊन मी त्यांच्याकडे धावले. दार आजींनी उघडलं.

“आजी, फोटोत डोळे मिटलेत. दुसरा काढूया.”

“तोच दे, बाळ,” त्या म्हणाल्या. “आता आत ते तसेच दिसतायत.”