टाचेएवढी जागा

"ह्योबी तितंच थांबला," मैदानावरचे जुने माळी सयाजीकाका हळूच म्हणाले. "म्हातारा जागचा हलंना बघ."

नवव्या ग्रीनवर, होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, तीन देशांच्या खेळाडूंचे चेंडू एकामागून एक त्याच जागी थांबले होते. होल अजून दोन हात पुढे होते. आयर्लंडचा खेळाडू गुडघ्यावर बसून गवत न्याहाळत होता. तिथे उतार होता. चेंडू थांबावा असे काहीच नव्हते.

कोल्हापूरजवळचे हे छोटे गोल्फ मैदान. इथला लांबात लांब फटका शंभर पावलांचा. आबांनी, माझ्या वडिलांनी, चोवीस वर्षे रोज पहाटे इथली होल हलवली. नवे होल पाडायचे, त्यातून निघालेला गवतासकट मातीचा गड्डा जुन्या होलात बसवायचा आणि अनवाणी टाचेने दाबायचा. तीन आठवड्यांपूर्वी इथेच, नवव्यावर, असाच एक गड्डा दाबून ते वळले आणि कोसळले, ते कायमचेच. देशोदेशीचे संघ येणार होते, म्हणून शाळेत रजा टाकून त्यांचे काम मी धरले. तो गड्डा मात्र हलवला नाही. पहाटे सगळ्या ग्रीनवर दंव पडायचे, त्या टाचेएवढ्या जागी नाही.

क्लबचे सेक्रेटरी राजवर्धन लगबगीने आले. "संयोगिता, पंच म्हणतायत जागा खचलीय. फायनलच्या आत गड्डा बदला, न्हायतर नववं होल रद्द."

"केरबानं बसवलेला गड्डा खचंल व्हय?" आबांचे नाव घेत काका उसळले.

मी पट्टी लावून पाहिली. केसभरही खचले नव्हते.

"मग पंचांना काय सांगू? मेलेला माणूस चेंडू धरतोय म्हणून?" बोलून गेल्यावर राजवर्धनांनी मान खाली घातली.

नववे रद्द झाले असते तर दोष आबांच्या हाताला लागला असता.

सगळे जेवायला गेल्यावर मी फायनलचे होल नेमके तिथेच पाडले. गड्डा वर आला. वीतभर खालची माती कोमट होती. सकाळच्या होलात तो बसवला.

"टाच मार की," काका म्हणाले.

मी चप्पल काढली, टाच दाबली. खालून कुणीतरी तेवढ्याच जोराने टाच लावली होती. मग हळूहळू तो जोर सुटला.

फायनलमध्ये एकही चेंडू अडला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटीच नवव्यावर गेले. सगळीकडे दंव होते. त्या गड्ड्यावरही.