उघड्या तुळया

एल्स्पेथने टेबलावरचे नकाशे बाजूला सारले आणि नव्या सभागृहाचा लाकडी नमुना मधोमध ठेवला. निलगिरीचे जाड खांब, त्यांवर कमानदार तुळया; सगळा सांगाडा उघडा.

"उलटी पडलेली होडीच की!" मागून कुणीतरी म्हणालं.

शाळेच्या वर्गात जमलेलं गाव हसलं. एल्स्पेथही हसली. होबार्टहून आलेल्या या इंजिनिअरबाईशी एरवी इथे फारसं कुणी बोलत नसे. मोटेलच्या खोलीत ती एकटीच जेवायची.

शेवटच्या रांगेतून एक म्हातारी उठली.

"पुन्हा लाकूडच?"

हसू थांबलं. जुनं सभागृह पेटलं तेव्हा गावच्या अग्निशमन पथकातला एक स्वयंसेवक आत शिरला होता. छप्पर त्याच्या अंगावर कोसळलं. ही म्हातारी, नोला, त्याची आई.

"नोला, बस गं. आपण नंतर बोलू," सभागृह समितीचा प्रमुख क्लाइव्ह म्हणाला.

"जाड तुळई बाहेरून जळते, तिचा कोळसा होतो," एल्स्पेथ सावकाश म्हणाली. "तो कोळसाच आतल्या लाकडाला राखतो. तासभर तरी ती कोसळणार नाही."

"त्याला दहा मिनिटं पुरली असती," नोला म्हणाली आणि खाली बसली.

सभा उठल्यावर क्लाइव्हने एल्स्पेथला गाठलं.

"खालून सीलिंग मारून टाक. तिच्या नजरेला तरी पडायला नको ते लाकूड."

एल्स्पेथला ते पटलं. तरी ती नोलाकडे गेली. नोला सिंकपाशी सगळ्यांचे कप विसळत होती.

"तुळया झाकून टाकू का?"

नोलाने नळ बंद केला.

"जुन्याला सीलिंग होतं, पोरी. वर आग पसरली होती. खालून त्याला दिसलीच नाही."

एल्स्पेथने फडकं घेतलं आणि कप पुसायला लागली.

तुळया उघड्याच राहिल्या. उद्घाटनाला गाव लोटलं. भाषणं सुरू झाली, सगळे व्यासपीठाकडे बघत होते. नोला तेवढी मान वर करून एका तुळईवरून दुसरीवर नजर नेत होती. एल्स्पेथ तिच्या रांगेत गेली. अगदी जवळ बसावं की नाही, तिला कळेना. मध्ये एक खुर्ची सोडून ती बसली.

उशिरा आलेल्या एका बाईने त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"इथे कुणी आहे का?"

एल्स्पेथ मधल्या खुर्चीवर सरकायला म्हणून अर्धवट उठली.

"आहे," नोला वर बघतच म्हणाली.

एल्स्पेथ पुन्हा आपल्या जागी बसली.